दहा-अकराचा पाना

आमच्या ड्राय बाल्कनीच्या भिंतीवर छिद्राछिद्रांचा एक काळा बोर्ड आहे. चार फूट बाय तीन फूट. त्यावर पांढऱ्या मार्करने मी १७ हत्यारांच्या बाह्यरेषा काढल्या आहेत. पाना जिथे टांगायचा तिथे पान्याची, पक्कड जिथे टांगायची तिथे पक्कडीची. हत्यार काढून घेतलं की भिंतीवर त्याचं भूत उरतं, त्यामुळे परत ठेवताना जागा चुकत नाही. हे मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्या माणसाचं गॅरेज आमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठं होतं, पण बोर्ड तेवढाच होता. म्हटलं, आपल्याला जमेल.

जमलं. बोर्ड खरंच देखणा झालाय. घरी कोणी आलं की मी पाणी द्यायच्या आधी त्यांना बाल्कनीत नेतो.

त्या बोर्डाच्या बरोबर खाली, दोन मजले उतरून पार्किंगमध्ये, मीटरच्या पेट्यांशेजारी आईची सायकल उभी असते. लेडीज सायकल, पुढे जाळीची बास्केट, सीटवर पावसाळ्यात दुधाची पिशवी उलटी घातलेली. आई ५७ वर्षांची आहे, एका पतसंस्थेत काम करते आणि रोज सायकलवर जाते-येते. आमचं घर सहकारनगरमध्ये, तळजाईच्या पायथ्याला. त्यामुळे जाताना उतार आणि येताना चढ. चढाला ती उतरून सायकल हातात धरून येते, त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. पुणं हे सायकलींचं शहर होतं वगैरे आपण बोलतो ना, त्यातली जी थोडी शिल्लक राहिली त्यातली ती एक.

माझीही सायकल आहे. गिअरची. लॉकडाऊनमध्ये कोणी केक शिकलं, कोणी शेअर बाजार. मी सायकल घेतली. दोनेक वर्षं चालवली, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन फोटो टाकले. मग ऑफिस पुन्हा सुरू झालं, चालवणं कमी झालं आणि सायकलबद्दलचं वाचन वाढलं.

वाचायला मिळतंही खूप. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन नावाचा एक मेकॅनिक होता. २००८ साली तो गेला, पण सायकलच्या बारीकसारीक भागांवर त्याने लिहून ठेवलेली पानं अजून इंटरनेटवर आहेत. कुठला नट उलट्या आट्यांचा असतो, गंजून अडकलेली सीटची दांडी कशी काढायची, सगळं. रात्री साडेबाराला मी ती वाचत पडायचो. त्यातून कळलं की चेन ‘ताणली जाते’ असं आपण म्हणतो ते खरं नाही. लोखंड ताणलं जात नसतं. चेनच्या प्रत्येक सांध्यातली पिन थोडी थोडी झिजते आणि ते सगळं थोडं मिळून चेन लांब होते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या मोजल्या तर बरोबर बारा इंच भरतात. त्या बारा आणि एक अष्टमांश इंच झाल्या की चेन तर गेलेलीच असते, आणि जाताना मागचे दातेही खाऊन गेलेली असते.

हे मोजायला एक छोटी पट्टी मिळते. मी मागवली. माझ्या चेनला लावली, तर पट्टी आरपार खाली गेली. म्हणजे चेन बदलायला झाली होती. मी वहीत तारीख घालून तसं लिहिलं. आणि मग नवी चेन मागवायच्या ऐवजी चेन तोडायचं आणि जोडायचं हत्यार मागवलं, कारण चेन आली आणि हत्यार नसलं तर काय उपयोग?

हा माझा सगळा कारभार असा होता.

२०२२च्या पावसाळ्यात मी ‘वर्कशॉप’ करायचं ठरवलं. हा शब्द घरात मीच आणला. आधी टेबल. अठरा एमएमचा प्लायवूड, खाली लोखंडी अँगल. त्यासाठी बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी काढावी लागली. आई म्हणाली, “काढ, मी हॉलमध्ये स्टँडवर घालीन.” मग चाकाचा आऊट काढायचा स्टँड. मग टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट नेमका किती जोराने आवळला ते सांगणारा पाना. माझ्या हँडलच्या बोल्टला पाच न्यूटन-मीटर पुरतात हे मला पाठ होतं. तो बोल्ट मी त्या वर्षात एकदाही सैल केला नव्हता.

व्हाइसची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मला ती अजूनही आवडते. नवीन व्हाइस घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. जुनं बीड चांगलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एका रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेलो. तिथे गंजलेल्या पान्यांच्या, नळांच्या आणि कुठल्या कुठल्या मशीनच्या अवयवांच्या राशीत एक चार इंची व्हाइस पडला होता. जबडा जाम, रंग उडालेला, वजन मरणाचं. विकणाऱ्या चाचांनी तो एका हाताने उचलून दाखवला. मला रिक्षापर्यंत न्यायला दोनदा खाली ठेवावा लागला. पहिला रविवार तो खोलण्यात गेला. दुसऱ्या रविवारपर्यंत तो व्हिनेगरच्या बादलीत होता आणि घरभर लोणच्याचा वास. तिसऱ्या रविवारी तारेच्या ब्रशने घासला, निळा रंग दिला, स्क्रूला ग्रीस लावलं. हँडल फिरवल्यावर जबडा असा काही लोण्यासारखा सरकला की मी आईला कणकेच्या हाताने बोलावून दाखवला.

“छान झालाय रे,” ती म्हणाली. “ह्याने काय करतात?”

“काहीही धरता येतं.”

“हं,” म्हणाली, आणि पोळ्यांकडे गेली.

त्या दिवसांत मला एक खूळ होतं, तेही सांगून टाकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि त्यातून पुढे नांगर, पंप, अख्खी किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे मी ज्याला त्याला सांगायचो. जणू ड्राय बाल्कनी आणि किर्लोस्करवाडी यांच्यात फक्त थोडा अवधी आहे. लक्ष्मणराव आधी सायकली विकत होते, मग बाकीचं झालं, हा क्रम माझ्या लक्षात यायचा नाही.

ब्रेकचं पहिल्यांदा आईने सांगितलं ते त्या वर्षीच्या दिवाळीत. मी बोर्डावर मार्करने रेषा काढत होतो. ती दारात फराळाची बशी घेऊन उभी होती.

“अरे, मागचा ब्रेक नीट लागत नाहीये. सवडीने बघशील का?”

“हो, बघतो. स्टँड येतोय पुढच्या आठवड्यात. मग सगळीच खोलतो एकदा. पूर्ण ओव्हरहॉलिंग.”

आमच्याकडे जुनी माणसं त्याला ओव्हरऑइलिंग म्हणतात. मला तो शब्द ऐकला की हसू यायचं. पण ‘सगळीच खोलतो’ हे म्हणताना मला जे बरं वाटलं ते आता आठवलं की हसू येत नाही. ब्रेकचे रबर बदलणं हे काम फार किरकोळ होतं. त्यासाठी वर्कशॉप कशाला? म्हणून मी ते काम मोठं केलं. चाकाचा आऊट, हबमधले छर्रे, चेन, ब्रेकच्या वायरी, सगळं एका दमात. आणि मोठं काम करायला अर्थातच सगळी तयारी हवी.

स्टँड आला. जानेवारीत तिने पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हणालो की कोन स्पॅनर यायचेत. ती म्हणाली, “मग मी कोपऱ्यावरच्या दुकानात टाकू का दोन दिवस?” आणि इथे मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, “त्याच्याकडे मुळीच नको. तो हातोडीने सायकल दुरुस्त करतो. घरात एवढं सगळं असताना बाहेर कशाला टाकायची?”

त्यानंतर तिने ब्रेकचा विषय काढला नाही. एकदाच, एप्रिलमध्ये, जेवताना. मी तिला जॉब्स्ट ब्रँट याच्या १९८१ सालच्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकातली गंमत सांगत होतो. आपल्याला वाटतं सायकलचं वजन चाकाच्या वरच्या तारांना लटकलेलं असतं. तर ब्रँट म्हणतो, नाही, सायकल खालच्या तारांवर उभी असते. सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. वजन आलं की खालच्या तारांचा ताण कमी होतो, वरच्यांना जवळजवळ काहीच होत नाही. मी ताटातल्या भातावर बोटाने आकृती काढून दाखवली.

आईने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, “बरं. आणि ब्रेकचं काय म्हणतो तो?”

मी हसलो. मला वाटलं, तिने विनोद केला.

जुलैतल्या एका शनिवारी तिने माझ्याकडे चपलांची पिशवी दिली. “जाता जाता काकांकडे टाक. सोल गेलाय.” आमच्या चौकात झाडाखाली चपला शिवणारे काका बसतात, माझ्या लहानपणापासून. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या, डावी उलटी केली आणि माझ्याकडे बघितलं.

“परत डावीच?”

“परत म्हणजे?”

“होळीपासून तिसऱ्यांदा. ही उजवी बघा, नव्यासारखी. ही बघा.” डाव्या चपलेचा पुढचा भाग, चवड्याखालचा, तिरका घासून पार पातळ झाला होता. पुढच्या कडेला तर सोल संपून वरचं चामडंच जमिनीला लागत होतं. “काकूंना विचारा, पायाला काही झालंय का. माणूस लंगडत असला की असं होतं.”

मी घाबरलो. खरंच घाबरलो. बाबा २०१९मध्ये गेले. त्यांचंही असंच काहीतरी छोटं, सहज बोलता बोलता कळलेलं होतं, आणि पुढे सगळं फार भराभर झालं. त्या रात्री मी शेल्डन ब्राउन बाजूला ठेवून गुडघ्यांवर वाचलं. चपला असमान का झिजतात, पाय लहान-मोठे असणं, कंबरेतली नस. दोन हाडांच्या डॉक्टरांची नावं काढली. घरात आईच्या चालण्याकडे चोरून बघत राहिलो. ती नीट चालत होती. मी वहीत लिहिलं: ‘सोमवारी अपॉइंटमेंट.’ त्याच वहीत, चेनच्या नोंदीखाली.

सोमवारी सकाळी पाऊस होता. जोरदार नाही, आपला पुण्याचा, चष्मा भिजवणारा. आई रेनकोट घालून निघाली. तिचा डबा ओट्यावरच राहिला होता, म्हणून मी तो घेऊन बाल्कनीत धावलो. तिथून आमचा उतार आणि खालचं वळण दिसतं. हाक मारणार तेवढ्यात वळणावरून एक रिक्षा मागे मागे येताना दिसली. आईलाही दिसली. तिने ब्रेक दाबले असणारच, पण सायकलला काही फरक पडला नाही. मग तिने सीटवरून थोडं पुढे सरकून डावा पाय खाली सोडला आणि चवड्यावर, रस्त्याला घासत, सायकल थांबवली. गडबड नाही, ओरडणं नाही. लहान मुलं स्कूटर थांबवतात तशी, सवयीने. रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून बास्केट एक वीतभर असेल. रिक्षावाल्याला कळलंही नाही. ती गेल्यावर आईने पाय पेडलवर ठेवला आणि वळणाआड गेली.

मी डबा हातात धरून उभा होतो. मागे बोर्ड होता.

क्रोमच्या लोखंडी रिमवर ओल्यात रबर धरत नाही, कोरड्याच्या मानाने कितीतरी लांब जाऊन सायकल थांबते, हे मला माहीत होतं. जूनमध्येच वाचलं होतं, पावसाळ्याच्या तोंडावर, या विषयाची तयारी म्हणून.

त्या दिवशी ऑफिसला कळवलं की उशिरा येतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. ब्रेकच्या रबरांच्या दोन जोड्या, शूसकट, ८० रुपये. दुकानदाराने विचारलं, “आईंच्या सायकलला का? त्या फेब्रुवारीत आल्या होत्या. बघितलं, हातात घेतलं आणि म्हणाल्या, नको, मुलगा करणार आहे.” हे त्याने काही टोमणा म्हणून सांगितलं नाही. सुट्टे पैसे मोजता मोजता सांगितलं.

संध्याकाळी आई आल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेलो. मागच्या ब्रेकचं रबर नव्हतंच. म्हणजे शूमध्ये, पत्र्याच्या कडांच्या आत, काळी पापडीसारखी एक पातळ चकती उरली होती, आणि पत्रा रिमवर घासून तिथे एक चकचकीत रेघ पडली होती. पुढचं एका बाजूने अर्धं होतं, दुसऱ्या बाजूचं रिमला लागतच नव्हतं. शू धरणारा नट बघितला. दहाचा.

वर आलो. बोर्डासमोर उभा राहिलो. कोन स्पॅनर १३, १४, १५, १६. ॲलन की चार, पाच, सहा. पेडलचा पंधराचा पाना. टॉर्क रेंच. दहाचा पाना नव्हता. माझ्या सायकलला सगळे ॲलनचे बोल्ट आहेत, मी वाचलेल्या सायकलींनाही तेच होते. आईच्या सायकलला नट आहेत, आणि त्या सतरा रेषांमध्ये एकही तिच्या सायकलची नव्हती.

“काय शोधतोयस?” आईने विचारलं.

“दहाचा पाना.”

तिने ओट्याखालचा शेवटचा ड्रॉवर उघडून श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा काढला. बाबांचा. त्यात दहा-अकराचा पाना, एक पेचकस, लाल मुठीची पक्कड आणि व्हॉल्व्हला घालायच्या वॉलट्यूबचा एक कडक झालेला तुकडा, एवढंच. रविवारी आंघोळीच्या आधी बाबा जिन्याखाली पेपर पसरून सायकल उलटी करायचे, वाटीत रॉकेल, हातात जुना बनियन. वीस मिनिटांत उठायचे. बाबा पोस्टात होते, त्यांना सायकलबद्दल विशेष काही माहिती नव्हती. उलट्या आट्यांचे नट असतात हे ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक.

मलाही वीस मिनिटंच लागली. त्यातली पाच मी मागचा एक शू उलटा बसवला त्यात गेली. शूची बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला यावी लागते, नाहीतर ब्रेक दाबला की रबर सरकून बाहेर येतं. वायर थोडी ओढून घेतली, तेलाचे दोन थेंब सोडले. आई पायरीवर बसून बघत होती.

“तू मला सांगायचंस ना, पायाने थांबवतेस म्हणून.” माझा आवाज चढला होता. चूक माझी, आणि चिडत मी तिच्यावर होतो.

“सांगितलं की. ब्रेक लागत नाही म्हणून.”

“मग दुकानातून करून घ्यायचं. मी काय, बोललो असेन काहीतरी.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुझं इतकं मनापासून चाललं होतं. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच तुला असं कशात रमलेलं बघत होते. म्हटलं, बाहेरून करून आणली तर तुला वाटेल हिचा माझ्यावर विश्वास नाही.”

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी उगाच चाक फिरवून ब्रेक दाबत राहिलो. चाक थांबत होतं.

चपला दुरुस्त करायला तिने तीन वेळचे मिळून २१० रुपये दिले होते. हे मी विचारलं नव्हतं. काकांनी पैसे घेताना सांगितलं.

कपड्यांची दोरी आता परत बाल्कनीत आहे, टेबलावरून आडवी, त्यामुळे स्टँडवर चाक लावायचं तर टॉवेल बाजूला सारावा लागतो. श्रीखंडाचा डबा टेबलावर असतो. तो बोर्डावर टांगता येत नाही. व्हाइसमध्ये परवा आम्ही नारळ धरून फोडला. आई म्हणाली, बघ, आलं की नाही कामाला. माझ्या सायकलची चेन अजून तशीच आहे. करकरते. नवी आणलीय, खोक्यात आहे.

ब्रेक बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बाल्कनीत उभा राहिलो. पाऊस होताच. आई उताराला लागली. वळणाच्या बरीच आधी सायकल हळू झाली, म्हणजे तिने ब्रेक दाबले आणि ते लागले. तरी डावा पाय खाली आलाच. रस्त्यापासून दोन बोटं वर क्षणभर राहिला, आणि मग पेडलवर गेला.